शिनयांग १९५९-६० : कोठारात धान्य असताना माणसं का मेली?

चीनच्या हनान प्रांतात दक्षिणेला शिनयांग नावाचा भाग आहे. हुआइ नदीचं खोरं, गहू आणि भात दोन्ही पिकवणारी जमीन, आणि प्रांताला धान्य पुरवणारा मुलूख म्हणून पूर्वीपासून नाव. १९५९च्या शरद ऋतूपासून १९६०च्या वसंतापर्यंत इथे किमान १० लाख माणसं मेली. बहुतेक उपासमारीनं, आणि हजारो मारहाणीत. तेव्हाची लोकसंख्या ८० लाखांच्या आसपास धरली तर आठ माणसांमागे एक गेला. युद्ध नव्हतं. १९५९ साली पावसानं ओढ दिली होती हे खरं, पण कमी पावसाची वर्षं या खोऱ्यानं पूर्वीही पाहिली होती. आणि माणसं मरत होती तेव्हा त्याच भागातल्या सरकारी कोठारांत धान्य पडून होतं.

या दुष्काळाबद्दल लिहिताना बहुतेक जण चीनचे सर्वोच्च नेते माओ यांच्या ‘मोठ्या झेपे’पासून, म्हणजे शेती आणि पोलादाचं उत्पादन झपाट्यानं वाढवायच्या १९५८च्या मोहिमेपासून सुरुवात करतात. मला ती सुरुवात उशिराची वाटते. शिनयांगचा शेतकरी १९५९ मध्ये इतका हतबल का झाला, हे समजायचं तर १९५० पासून बघावं लागतं. आधी त्याला जमीन मिळाली. मग धान्य विकायचं की ठेवायचं, कुणाबरोबर कसायचं, गाव सोडून कुठे जायचं, घरी काय शिजवायचं, हे निर्णय एकेक करून त्याच्या हातातून गेले. प्रत्येक वेळी कारण वेगळं होतं आणि त्या त्या वेळी ते पटण्यासारखंही होतं. (चीनमधल्या प्रशासकीय घटकांसाठी या लेखात आपलेच शब्द वापरतो : शिनयांग हा जिल्हा आणि त्याखाली तालुके.)

सातबारा हातात आला

३० जून १९५० रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या नव्या सरकारनं जमीन सुधारणा कायदा लागू केला. पुढच्या तीनेक वर्षांत सुमारे ३० कोटी शेतकऱ्यांना मिळून ७० कोटी मू जमीन मिळाली. एक मू म्हणजे आपले साधारण साडेसहा गुंठे. कायद्याच्या ३०व्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं की नव्या मालकांना जमिनीची कागदपत्रं दिली जातील आणि ती कसण्याचा, विकण्याचा, खंडानं देण्याचा हक्क मान्य केला जाईल. ज्यांनी सगळा जन्म दुसऱ्याच्या बांधावर काढला, त्यांच्या हातात हा कागद पडला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे कूळकायद्याच्या आठवणी असलेल्या कुठल्याही मराठी घराला वेगळं सांगायला नको. या टप्प्याचं मोल कमी लेखून पुढचं काहीच समजत नाही. पक्षावर गावांचा विश्वास बसला तो इथे.

पण जमीन वाटली गेली ती कचेरीत बसून नाही. बाहेरून आलेली कार्यपथकं गावात मुक्काम करत, प्रत्येक कुटुंबाचा वर्ग ठरवत : जमीनदार, श्रीमंत शेतकरी, मध्यम, गरीब, शेतमजूर. मग भर सभेत जमीनदाराला उभं करून लोकांना त्यानं केलेले अन्याय बोलून दाखवायला लावत. अशा सभांनंतर किती जणांचे जीव गेले, याचे अंदाज १० लाखांपासून पुढे जातात. दोन गोष्टी मागे उरल्या. वर्गाची नोंद कुटुंबाला कायमची चिकटली आणि मुलांकडेही गेली. आणि भरसभेत एखाद्याला एकटं पाडून सगळ्या गावाकडून त्याच्यावर तुटून पडायची पद्धत गावाच्या अंगवळणी पडली. नऊ वर्षांनी हीच पद्धत त्याच गरीब शेतकऱ्यांवर वापरली गेली.

धान्याची सक्तीची खरेदी

माझ्या मते निर्णायक वळण १९५३चं आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली होती, शहरं वाढत होती, कारखान्यांतल्या कामगारांना धान्य हवं होतं. शेतकरी मात्र आता जमिनीचा मालक होता. पोटभर खात होता, थोडं घरात ठेवत होता, आणि चढा भाव देणाऱ्या व्यापाऱ्याला विकत होता. सरकारची खरेदी अपुरी पडू लागली. अर्थकारभार पाहणाऱ्या चेन युन यांनी तोडगा काढला : धान्याचा सगळा व्यापार सरकारच्या हातात, शेतकऱ्यानं ठरलेला कोटा ठरलेल्या भावानं सरकारलाच घालायचा, खाजगी व्यापारी बंद. आपण कावडीच्या दोन्ही टोकांना स्फोटकं बांधून निघालो आहोत, असं ते स्वतःच म्हणाले होते. खरेदी केली नाही तर शहरं भडकतील, केली तर खेडी.

नोव्हेंबर १९५३ मध्ये हे धोरण लागू झालं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर आडत, पेठ, आठवडी बाजारातला भुसार माल हे सगळं एका फटक्यात संपलं. कोटा काढायचा कशावरून? तर गावानं कळवलेल्या उत्पादनावरून. म्हणजे गावाच्या तोंडून निघालेला पिकाचा आकडा आणि गावाच्या ताटातलं अन्न यांची थेट गाठ इथे मारली गेली. आकडा खरा असेपर्यंत ही गाठ काचली तरी जीव घेत नव्हती.

सहकारी शेतीचा वेग या खरेदीमुळेच वाढला. अकरा-बारा कोटी घरांकडून दारोदार धान्य गोळा करणं अवघड, काही लाख संस्थांकडून घेणं सोपं. ३१ जुलै १९५५च्या भाषणात माओंनी सबुरीनं घ्या म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना बांधलेल्या पायांनी लुटुलुटु चालणाऱ्या बाईची उपमा दिली. त्यानंतर सबुरीची भाषा करणं अवघड झालं. १९५६च्या अखेरीस ९६ टक्के शेतकरी कुटुंबं सहकारी संस्थांत होती आणि बहुतेक ‘उच्च’ प्रकारच्या संस्थांत, जिथे जमिनीचा मोबदला बंद होऊन फक्त कामाचे गुण मोजले जात. १९५०च्या कागदाला सहा वर्षांत काही अर्थ उरला नाही. ९ जानेवारी १९५८ रोजी हुकौ म्हणजे कुटुंबनोंदणीचे नियम आले, आणि खेड्यातल्या माणसाला परवानगीवाचून शहरात राहायला जाणं कायद्यानं बंद झालं. दुष्काळात मराठवाड्यातला माणूस मुंबई-पुण्याची वाट धरतो. चिनी शेतकऱ्याची ती वाट दुष्काळ पडण्याआधीच बंद झालेली होती.

चायाशानचा गहू

शिनयांग जिल्ह्यातच तेव्हा सुइपिंग तालुका होता आणि त्यात चायाशान नावाचा डोंगराळ भाग. एप्रिल १९५८ मध्ये तिथल्या २७ सहकारी संस्था एकत्र करून सुमारे ९ हजार कुटुंबांची एक प्रचंड संस्था उभी केली गेली. रशियानं नुकताच उपग्रह सोडला होता, त्यावरून तिला ‘स्पुटनिक’ असं नाव मिळालं. चीनमधल्या लोककम्यूनचा हा पहिला नमुना. तिची नियमावली पक्षाच्या ‘लाल झेंडा’ या मासिकानं सप्टेंबर १९५८ मध्ये छापली आणि ती देशभर आदर्श म्हणून फिरली. सभासदांनी परसातल्या जमिनीचे तुकडे, घराखालची जागा, गुरं, झाडं कम्यूनकडे सोपवायची. थोड्या कोंबड्या-बिंबड्या ठेवायला हरकत नाही. जेवण सार्वजनिक भोजनालयात.

८ जून १९५८ रोजी ‘पीपल्स डेली’नं बातमी छापली की या संस्थेनं मूमागे २,१०५ जिन गहू काढला. चारच दिवसांनी त्याच पेपरात आकडा ३,५३० जिनवर गेला. एक जिन म्हणजे अर्धा किलो. हा हिशेब आपल्या मापात करून पाहा. पहिला आकडा एकरी ६४ क्विंटलच्या आसपास जातो, दुसरा १०७ क्विंटलवर. आज सुधारित वाण, खत आणि भरपूर पाणी देऊन आपला चांगला बागायतदार एकरी १५-२० क्विंटल गहू घेतो. १९५७ साली चीनची गव्हाची सरासरी एकरी साडेतीन क्विंटलच्या घरात होती. गहू एकदा तरी मळलेला कोणताही माणूस हा आकडा ऐकून मान हलवेल. अनेक तुकड्यांचं पीक एकाच तुकड्याच्या नावावर चढवून असे विक्रम उभे केले जात, आणि ज्यांनी ओझी वाहिली त्यांना ते ठाऊक होतं. गावाला माहीत होतं, तालुक्याला माहीत होतं, आणि तरीही आकडा प्रांतात गेला, पेपरात आला, बीजिंगला पोचला.

असं का झालं याचं उत्तर प्रांताच्या राजकारणात आहे. हनानमधल्या पक्षाचे प्रथम सचिव, म्हणजे प्रमुख, पान फूशेंग यांनी सहकारी संस्था फार मोठ्या झाल्याचं म्हटलं होतं. १९५८ मध्ये त्यांना उजवे ठरवून काढलं आणि त्यांच्या जागी वू चिपू आले. वर्षभर आधीच्या उजव्याविरोधी मोहिमेत शिकलेसवरलेले लोक गप्प झाले होतेच, आता पक्षाच्या आतलेही झाले. ज्याचा आकडा मोठा त्याला शाबासकी, ज्याचा लहान त्याच्या निष्ठेवर शंका. अशा हवेत शेजारच्या तालुक्याचा सचिव २ हजार सांगत असताना आपण ३०० सांगणं म्हणजे आपली नोकरी आणि बायकामुलांचं भवितव्य पणाला लावणं. मी त्या माणसांना माफ करत नाही, पण त्यांची भीती मला समजते.

त्या सालचं पीक खरोखरच चांगलं होतं. पण शरद ऋतूत पोलाद दुप्पट करायचं, म्हणजे १ कोटी ७ लाख टनांवर न्यायचं, अशी आज्ञा सुटली. धडधाकट माणसं भट्ट्यांवर आणि धरणांच्या कामावर गेली आणि उभं पीक बायका, म्हातारी माणसं, पोरं यांच्या भरवशावर राहिलं. बरंच शेतातच कुजलं. देशाचं धान्य उत्पादन ३७ कोटी ५० लाख टन झाल्याचं जाहीर झालं. खरा आकडा २० कोटी टनांच्या आसपास होता.

धूर

सार्वजनिक भोजनालयाबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण पुढच्या हिवाळ्यात मृत्यू घराघरात पोचला तो याच वाटेनं. घरातली भांडी, कढया, तवे लोखंडासाठी भट्टीत गेले. बऱ्याच ठिकाणी चुली मोडल्या गेल्या, कारण आता घरी शिजवायचं कशाला? घरातलं धान्य भोजनालयात जमा झालं. सुरुवातीचे काही महिने लोक पोटभर जेवले, कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदाच. बायकांची चुलीतून सुटका झाली असं पक्ष सांगत होता, आणि त्यात थोडं तथ्यही होतं.

पण पळीची दांडी ज्याच्या हातात, तो आता सगळ्या गावाचा मालक होता. पळी पातेल्याच्या तळाशी घालायची की वरवरचं पाणी वाढायचं, हे आचारी ठरवायचा, आणि आचारी कोण असावा हे गावातल्या कामाच्या पथकाचा प्रमुख ठरवायचा. कामावर आला नाही त्याचं जेवण तोडणं ही नेहमीची शिक्षा झाली. आजाऱ्याला, म्हातारीला, ‘वाईट’ वर्गाच्या घराला ती सगळ्यात आधी लागू व्हायची. १९५९च्या हिवाळ्यात भोजनालयातलं धान्य संपलं, तरी घरी शिजवायला बंदीच होती. कुणाच्या छपरातून धूर निघतो का, हे पाहत कार्यकर्ते फिरत. धूर दिसला की आत घुसायचं, भांडं फोडायचं, शिजत असलेला पाला किंवा मुळ्या ओतून द्यायच्या आणि ‘धान्य कुठे लपवलंय’ म्हणून मारायला सुरुवात करायची.

ऑगस्ट १९५९ नंतर

जुलै १९५९ मध्ये लुशान इथे पक्षाची बैठक भरली. संरक्षणमंत्री पेंग दहुआइ यांनी १४ जुलैला माओंना पत्र लिहून मोठ्या झेपेतल्या चुका दाखवल्या. माओंनी ते पत्र वाटून त्यांच्यावरच हल्ला चढवला आणि पेंग यांचं पद गेलं. त्याआधीच्या वसंतात गाडी थोडी मागे घेतली जात होती. लुशाननंतर ती पुन्हा जोरात पुढे ढकलली गेली, आणि खालच्या प्रत्येक पातळीवर आपापला ‘छोटा पेंग’ शोधायची शर्यत लागली.

शिनयांगमध्ये जिल्हा पक्षाचे प्रथम सचिव होते लू श्येनवेन. जिल्ह्याचे प्रशासक झांग शूफू यांचा पिकाचा अंदाज लू यांच्यापेक्षा बराच कमी होता. त्यांना उजव्या विचारांचे ठरवून सभांमधून झोडपलं गेलं, आणि वरचा आकडा कायम राहिला. ग्वांगशान तालुक्यात याहून भयंकर घडलं. तालुक्याचे दुसऱ्या क्रमांकाचे सचिव झांग फूहोंग यांनी खरं उत्पादन सांगायचा आग्रह धरला. प्रथम सचिव मा लोंगशान यांनी त्यांच्याविरुद्ध सभा लावली. नोव्हेंबर १९५९ मध्ये एकामागून एक झालेल्या सभांमध्ये त्यांचे केस उपटले गेले, लाथा घातल्या गेल्या, आणि त्यातच त्यांचा अंत झाला. १९५० मध्ये जमीनदारासाठी घालून दिलेली पद्धत आता तालुक्याच्या पक्षसचिवावर वापरली गेली होती. हे पाहिल्यावर खालचा कोणता माणूस खरा आकडा सांगणार?

मग सुरू झाली लपवलेलं धान्य शोधायची मोहीम. तिचा तर्क सरळ होता : कागदावर एवढं पिकलंय, कोट्याएवढं येत नाही, म्हणजे शेतकऱ्यांनी दडवलंय. घरं खणली, भिंती फोडल्या, बियाणं नेलं, भोजनालयाचा साठा नेला. लोकांना उलटं टांगलं, थंडीत उघडं उभं केलं. काही निघालं नाही की मारहाण वाढायची, कारण काही न निघणं हा खोट्या आकड्याचा पुरावा न मानता कट्टर विरोधाचा पुरावा मानला जाई. देशपातळीवर १९५९ मध्ये सुमारे १७ कोटी टन उत्पादनातून ६ कोटी ७० लाख टनांहून अधिक धान्य सरकारनं उचललं, आणि त्याच वर्षी ४० लाख टनांहून अधिक परदेशी निर्यातही केलं.

गावाबाहेर खबर जाऊ नये म्हणून रस्त्यांवर मिलिशियाचे, म्हणजे स्थानिक सशस्त्र दलाचे, पहारे बसले. भीक मागायला निघालेल्यांना पकडून परत आणलं, कित्येकांना कोंडून मारलं. टपाल कचेऱ्यांत पत्रं अडवली गेली. मदतीसाठी बाहेर लिहिलेली १२ हजारांहून अधिक पत्रं शिनयांगमध्येच रोखली गेली. त्यातली काही पत्रं पक्षाच्या सभासदांनी पक्षालाच लिहिलेली होती. मला हा तपशील सगळ्यात जड जातो. म्हणजे माहिती होती, लिहिणारे होते, वाचायला बसलेलं मध्यवर्ती सरकारही होतं. मधली वाट त्यांच्याच माणसांनी बंद केली होती.

आपल्या १९७२-७३च्या दुष्काळाशी अर्थतज्ज्ञांनी चीनच्या या दुष्काळाची तुलना केली आहे ती याच मुद्द्यावर. महाराष्ट्रात तेव्हा अन्न कमी होतं, खडी फोडून हात सोलवटले, लोकांनी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, खाल्ला. पण मोर्चे निघत होते, आमदार विधानसभेत ओरडत होते, पेपर छापत होते, आणि कामं निघत गेली. ऐन भरात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. शिनयांगमध्ये ओरडणाऱ्याची गाठ आधी मिलिशियाशी पडायची.

त्या चायाशानमध्ये, एकरी शंभर क्विंटल गव्हाच्या कम्यूनमध्ये, त्या हिवाळ्यात जवळपास दहावा हिस्सा लोक मेले.

नागपूरचा धागा

या प्रकरणाचा एक धागा विदर्भाशी जोडलेला आहे. १९५६ मध्ये भारत सरकारनं चीनच्या सहकारी शेतीचा अभ्यास करायला एक शिष्टमंडळ पाठवलं. त्याचे प्रमुख होते आर. के. पाटील. स्वातंत्र्यलढ्यासाठी आयसीएसची नोकरी सोडलेले आणि पहिल्या नियोजन आयोगाचे सदस्य राहिलेले. १९५७ मध्ये आलेला अहवाल भारतात सहकारी शेती वेगानं पसरवावी अशा मताचा होता. दोन सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं. पुढे जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. चरणसिंह यांनी तिथेच त्याला कडाडून विरोध केला, त्याच वर्षी ‘स्वतंत्र पक्ष’ या नावाचा नवा पक्ष स्थापन झाला, आणि ठराव अमलात यायच्या आधीच थंड पडला.

पाटील यांना भोळे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यांनी १९५६ची गावं पाहिली आणि त्या वर्षीच्या संस्था चालत होत्याच. पाहुण्याला शेतं, गोदामं, जमाखर्चाच्या वह्या दाखवता येतात. सभासद संस्था सोडून जाऊ शकतो का, सचिवाचा आकडा खोटा आहे असं म्हणू शकतो का, हे मात्र दुभाषा आणि पक्षाचा माणूस बरोबर असताना विचारून कळत नाही. आपल्याकडे ठराव अडला तो विरोधकांना उभं राहून बोलता आलं म्हणून. नागपुरात हा ठराव झाला त्याच हिवाळ्यात चीनच्या काही भागांत भोजनालयांची पातेली रिकामी व्हायला लागली होती.

निदान आणि उपाय

१९६०च्या वसंतात केंद्राच्या तपासणी समितीची माणसं शिनयांगला पोचली, आणि ऑक्टोबरमध्ये अहवाल माओंपर्यंत गेला. माओंनी काढलेला निष्कर्ष असा : जमीन सुधारणेच्या वेळी क्रांती अपुरी राहिली, त्यामुळे जमीनदार आणि प्रतिक्रांतिवादी पक्षात घुसून सत्ता बळकावून बसले. त्या निदानाप्रमाणे लष्कर आलं, कोठारं उघडली गेली, लू श्येनवेन यांना काढलं, खालच्या कार्यकर्त्यांची मोठ्या संख्येनं धरपकड झाली. १९६१ मध्ये वू चिपू यांच्या जागी दुसरे सचिव आले. पकडलेल्यांत खरोखरचे क्रूर लोक पुष्कळ होते. पण त्यांनी पार पाडलेला कोटा ज्यांनी ठरवला, आकडा ज्यांनी छापला, ते चौकशीच्या बाहेरच राहिले.

धोरणात मात्र मुकाट्यानं बदल झाले. ३ नोव्हेंबर १९६०च्या तातडीच्या पत्रानं परसातले तुकडे आणि छोटे बाजार परत आणले, १९६१ मध्ये भोजनालयं बंद झाली, कॅनडा-ऑस्ट्रेलियाहून धान्य आयात सुरू झालं. हिशेबाचं एकक कम्यूनऐवजी वीस-तीस घरांचं पथक झालं. माणसांना पुन्हा घरी चूल पेटवता आली आणि उपासमार ओसरली. देशभरच्या मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत, आणि बहुतेक अभ्यासक ३ कोटींच्या आसपास थांबतात.

कम्यून मोडीत निघायला १९८०चं दशक उजाडलं, आणि धान्याची सक्तीची खरेदी १९८५ मध्ये थांबली. १९५८चे हुकौचे नियम आजतागायत रद्द झालेले नाहीत. शांघायमध्ये किंवा बीजिंगमध्ये इमारती बांधणाऱ्या हनानच्या मजुराच्या मुलाला तिथल्या सरकारी शाळेत जागा मिळेल का, हे अजूनही त्याच्या कुटुंबाची नोंद कुठल्या गावात आहे यावर बऱ्याच अंशी ठरतं.